पिवळ्या होड्यांची सावड

मालू वेखंडेचा राग हेदगावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. फाट्यावर हात करूनही डोळखांबची एसटी थांबली नाही, तर तो ड्रायव्हरवर निघायचा. रेशनच्या तांदळात खडे निघाले तर दुकानदारावर, आणि समोर कोणीच नसलं तर चुलीवरल्या तव्यावर. पण हा राग बिनकारणी कधी नसायचा, आणि पाठीमागे तर मुळीच नसायचा. ज्याच्यावर रागवायचं त्याच्या दारात जाऊन, पदर खोचून, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात मालू रागवायची, आणि बोलून घसा कोरडा पडला की त्याच दारात पाणी मागून प्यायची. म्हणून तिच्या रागाला लोक भीत असले तरी तिला कोणी टाळत नसे.

पन्नाशी ओलांडलेली ही काटक बाई साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून पॉवर टिलर, म्हणजे नांगरटीचं यंत्र, चालवायची. गावात दुसरी कोणी बाई टिलरला हात लावत नव्हती. मालू तरी तो चालवायला हौसेनं कुठे शिकली होती? राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना तिचा नवरा धाकलू झाडावरून पडला आणि त्याची कंबर कायमची गेली. आदल्याच वर्षी घेतलेला टिलर गोणपाट पांघरून अंगणात उभा राहिला. येता-जाता त्याच्याकडे बघून मालूचं डोकं फिरायला लागलं. "बैल असता तर निदान शेण तरी दिलं असतं," ती म्हणाली, "हा नुसता गंजतोय." एका सकाळी तिनं हँडल मारलं. "क्लच धर गो, क्लच!" म्हणून धाकलू ओट्यावरून ओरडत राहिला आणि टिलर बांध फोडून शेजारच्या खाचरात जाऊन बसला. त्या दिवशी मालू टिलरवरही रागावली. पण पुढच्या आवणीला, भाताची रोपं लावायच्या वेळी, अर्ध्या गावाच्या खाचरांची चिखलणी तिनंच केली.

चिखलणीचे पैसे ती घेत नसे. ती सावड धरायची. सावड म्हणजे कामाला काम. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. बाईला बाई, गड्याला गडी, आणि टिलरच्या कामाला त्या मानानं माणसं. हे कुठे लिहून ठेवत नाहीत आणि कोणी कोणाला आठवणही करून देत नाही. हाक आली की विळा उचलायचा आणि निघायचं, एवढंच. मजुरी देऊन माणूस आणता येतो, पण ढग आलेले असताना दुसऱ्याचं भात आपलं समजून पळणारा माणूस मजुरीनं येत नाही, असं मालूचं ठाम मत होतं. गावातली तरणी पोरं पहाटेच आटगाव नाहीतर आसनगाव गाठायची, कोणी गोदामात, कोणी कंपनीत. राहिलेल्या म्हाताऱ्यांची आणि बायकांची शेती सावडीवरच तगून होती.

धरणाच्या पाण्याकाठी भाविकनं कॅम्प टाकला तो याच काळात. भाविक डोंबिवलीचा, तिशीचा, गोड बोलणारा मुलगा. काठावरची जागा भाड्यानं घेऊन त्यानं तंबू ठोकले, पाटी लावली आणि लांबट, निमुळत्या, पिवळ्याधमक होड्या आणल्या.

"कयाक म्हणतात काकी ह्यांना," त्यानं पुढे कधीतरी मालूला सांगितलं.

"असतील. दिसतात शेंगा," मालू म्हणाली, आणि गावात त्यांचं नाव शेंगाच पडलं.

या शेंगा आणि तंबूंचा बाकीचा पसारा वाहायला भाविककडे दोन चाकांचा छोटा ट्रेलर होता, गाडीमागे जोडायचा. डांबरी रस्त्यावर तो ऐटीत यायचा. पण डांबर संपून पाण्याकडे उतरणारी वाट म्हणजे मूळची बैलगाडीची चाकोरी, मध्ये एक ओहोळ आणि दोन्हीकडे खाचरं. पहिल्याच दिवशी गाडी ओहोळात रुतली, ट्रेलर आडवा झाला आणि शेंगा चिखलात घसरल्या. मालू टिलर घेऊन गिरणीवरून परत येत होती. तिनं टिलर वळवला, दोर लावला, आधी ट्रेलर आणि मग गाडी बाहेर काढली. भाविकनं पाकीट काढलं.

"ठेव ते," मालू म्हणाली. "सावड धर माझ्याशी. तुझा ट्रेलर मी ओढीन. माझ्या कापणीला तू माणसं घेऊन ये."

"हो काकी, नक्की! कधीही हाक मारा," भाविक हसत म्हणाला.

मालूच्या लेखी सावड धरली गेली. भाविकच्या लेखी गावातल्या एका प्रेमळ काकींनी मदत केली होती आणि त्यानं गोड शब्दांत आभार मानले होते. दोघंही आपापल्या जागी खुशीत घरी गेले.

त्यानंतरच्या सबंध हंगामात मालूनं ट्रेलर ओढला. डोळखांबच्या वेल्डरकडून टिलरला बसेल असा हूक करून घेतला, बसायला एक फळकुट बांधलं. शेंगा, तंबू, गाद्या, उशा, गॅसच्या शेगड्या, कोळशाची पोती, पाण्याचे मोठाले जार. "घरात पलंग असून उघड्यावर निजायला येतात," ती धाकलूला सांगायची, "आणि गाद्या आमी वाहायच्या. धरणाच्या काठी बसून बाटलीतलं पाणी पितात." पण बोलता बोलता ती दोर पुन्हा आवळायची, उतारावर टिलर हळू घ्यायची, आणि एकाही शेंगेला ओरखडा येऊ द्यायची नाही. मुरबाडला दिलेली तिची लेक अक्षदा फोनवर सांगायची, "आई, पैसे घेत जा ना त्यांच्याकडून." "तुला काय कळतंय?" मालू म्हणायची. "सगळ्यांची कापणी एकदमच येते गो. ज्याला स्वतःचं शेत नाय, तोच आपल्या कापणीला मोकळा."

हा हिशेब तिला इतका आवडला होता की तो तिनं सगळ्या गावाला सांगितला. ठाकरवाडीच्या हिरीलाही. हिरीशी तिची सावड दोघी लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची. हिरी कमी बोलायची, पण नेमकं तिथेच टोचायची.

"मालू, त्यानं विळा धरलेला पाह्यलास का कधी?"

"धरेल. दांडगी पोरं हायत कॅम्पावर."

"पोरं दांडगी हायत. शब्दाचं बोलतंय मी."

"तू गप गो. तुला सगळ्यातच खोट दिसते."

दिवाळी आली. तेव्हाच भाताची कापणी आणि तेव्हाच कॅम्पाची गर्दी. मालूचं वरचं भात कापून भारे होऊन खळ्यावर आलं होतं. पाण्याकडल्या दोन मोठ्या खाचरांतलं भात कापून त्याचे कडपे, म्हणजे कापलेल्या मुठींचे ढीग, वाळत पडले होते. ऊन खाल्लं की भारे बांधायचे आणि चढ चढून खळ्यावर आणून त्यांची उडवी, म्हणजे गंजी, रचायची. आणि त्याच सकाळी माहुलीच्या डोंगराच्या अंगाला काळं भरून आलं. कापून पडलेल्या भातावर पाऊस म्हणजे दाण्याला कोंब. वर्षाचं अन्न जमिनीवर पसरलेलं आणि वरून पाणी.

गावात जो तो आपापल्या खाचरात धावला. हिरीचंही भात उघड्यावर होतं. मालू मात्र धावली नाही. ती शांतपणे कॅम्पावर गेली.

"भाविक, आज ये रे. तुझी पोरं घेऊन ये, ट्रेलर पण लागंल. भारे वर न्यायचेत."

भाविकच्या एका कानाला फोन होता. "काकी, आज? आज फुल आहे कॅम्प. पाहुण्यांसाठी वरून अजून कयाक आणायच्यात. त्या तुम्ही खाली आणून द्याल ना? मग बघतो मी."

"बघतो नाय. येतो बोल."

तेवढ्यात कुणाली पुढे आली. कॅम्पावरच्या पाहुण्यांची सरबराई तिच्याकडे असायची. उत्साही पोरगी, मनानं वाईट नाही. "भाविक, किती मस्त! पाहुण्यांनाच नेऊ या ना शेतावर. सगळ्यांना आवडेल."

"बघा काकी, झालं काम!" भाविक म्हणाला. "वीस माणसं येतील."

वीस माणसं! मालूच्या अंगात बळ आलं. वाटेत हिरी दिसली तेव्हा ती मुद्दाम थांबून म्हणाली, "वीस येतायत. तुझं झालं नाय तर तुझ्याकडे पाठवीन." मग तिनं आधी कॅम्पाचं काम करायचं म्हणून रस्त्यावरून शेंगांनी भरलेला ट्रेलर टिलरला जोडला आणि आपल्या खाचराच्या वळणापर्यंत आणून उभा केला. बांधावर बसून धाकलू भारे बांधत होता. वीस माणसं येईपर्यंत म्हणून ती त्याच्या मदतीला लागली.

वीस माणसं आली, तोवर दुपार कलली होती. टोप्या, काळे चष्मे, स्वच्छ बूट. मालूनं हातानं दाखवलं, हे भारे, ते खळं. एक जण पुढे झाला, त्यानं भारा डोक्यावर घेतला. मालूला बरं वाटलं. दुसऱ्यानं त्याचा फोटो काढला. मग पहिल्यानं भारा खाली ठेवला, जिथून उचलला होता तिथेच. मग दुसऱ्यानं तोच भारा डोक्यावर घेतला. मग तिसरीनं. एका बाईनं तर तो नुसताच धरला, कारण कपडे खराब झाले असते. हातातून हातात जाताना भाऱ्याचा बंध सुटला आणि लोंब्या मातीत लोळल्या. आभाळ खाली येत होतं. वाऱ्याला ओल्या मातीचा वास आला होता. आणि वीस माणसांत मिळून एकही भारा जागचा हलला नव्हता.

मालू बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, तशी धाकलूला धास्ती वाटली. "मालू," तो हळूच म्हणाला, "शांतीनं घे गो."

"थँक यू आजी, खूप छान वाटलं," म्हणत माणसं निघाली.

"काकी, हे आपण दर शनिवारी करू शकतो का?" कुणालीनं विचारलं.

आणि भाविक, मोठं काम उरकल्यासारखा हात झटकत म्हणाला, "चला काकी, झाली ना सावड?"

यावर मालू जे बोलली ते सगळं लिहिण्याजोगं नाही. जे लिहिता येईल ते असं : "सावड? ह्याला सावड बोलतोस? माझं पोटाला खायचं भात हाय ते! तुझ्या गाद्या मी पाठीच्या मणक्यावर घेतल्या, तुझी एक शेंग खरचटू दिली नाय, आणि तू माझ्या भाताशी खेळायला माणसं आणतोस? तुझ्या तंबूत शिरून मी तुझ्या गादीवर बसून फोटो काढला आणि आले कामाला बोलले, तर चालंल तुला?"

बोलता बोलताच ती ट्रेलरकडे वळली होती. तिनं दोर सोडले. एकेक शेंग उतरवून बांधावर ठेवायला लागली, तेव्हाही आपटली नाही. रिकाम्या ट्रेलरमध्ये तिनं पहिला भारा टाकला.

"काकी, हे काय करताय? खाली पाहुणे थांबलेत! मी पैसे घेतलेत त्यांच्याकडून!"

"थांबू दे. पाऊस थांबणार नाय."

"अहो पण ट्रेलर माझा आहे!"

मालूचा हात थांबला.

ट्रेलर त्याचाच होता. दुसऱ्याची वस्तू त्याच्या मनाविरुद्ध वापरायची, हे तिनं जन्मात केलं नव्हतं. तिनं भाविककडे पाहिलं. त्याची नजर खाली पाण्याकडे, पाहुण्यांकडे लागली होती. तिनं टाकलेला भारा परत काढला, वाकून हुकाची खीळ उपसली आणि टिलर पुढे घेतला. ट्रेलरची मान धप्पकन जमिनीवर टेकली.

"तुझा ट्रेलर तुला," ती म्हणाली. "आणि माझा टिलर मला."

मग तिनं टॉवेलाची चुंबळ केली, भारा डोक्यावर घेतला आणि चढ चढायला लागली. धाकलू बसल्या जागी बांधत राहिला, ती नेत राहिली. दिवस मावळायच्या सुमारास चढावर समोरून हिरी येताना दिसली, आणि तिच्या मागून तिचा नवरा लखमा आणि वाडीतली आणखी दोघं. त्यांचं आवरलं होतं. हिरीनं वीस माणसांचं विचारलं नाही. तिनं भारा उचलला आणि पळत सुटली. मालूला तेव्हा तिचा जितका राग आला तितका भाविकचाही आला नसेल. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

एक खाचर वर आलं. दुसरं राहिलं. पाऊस पडला तो नुसता पडला नाही, ओतला.

दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा खालच्या खाचरातल्या कडप्यांना पांढरे कोंब फुटले होते. मालूनं एक लोंबी हातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. धाकलू म्हणाला, "कोंबड्यांना होईल." त्यावर ती त्याच्यावर ओरडली, आणि मग ओरडल्याबद्दल त्याच्या चहात दूध जास्त घातलं.

इकडे शेंगा वळणावरच पडून होत्या. कोणी त्यांना हात लावला नाही आणि कोणी त्या ओढूनही दिल्या नाहीत. ओल्या वाटेवर भाविकची गाडी उतरेना. त्यानं गावात दारोदार विचारलं, दुप्पट मजुरी देतो म्हणाला. "आज सावड हाय," लोक म्हणाले. "उद्याही सावडच हाय." कोणी मिटिंग घेतली नव्हती, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. जो सावड मोडतो त्याच्याशी सावड धरत नाहीत, इतकंच. हे जन्मल्यापासून माहीत असलेल्या माणसांना ते वेगळं ठरवावं लागत नाही.

भाविक मालूच्या दारात आला. "काकी, चुकलं. तुम्ही वर्षभर जे केलंत त्याचे किती होतात ते सांगा, आत्ता देतो."

"बघ!" मालू धाकलूला म्हणाली. "अजून पैशावरच हाय हा! अरे, पैसे घ्यायचे असते तर तेव्हाच नसते घेतले? मी मजूर नव्हते तुझी. मी सावडकरी होते. मजुराला पैसे देऊन मोकळं होता येतं. सावडीला माणूसच यावं लागतं."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? तोंड तुझं हाय, पाय तुझे हायत."

त्यानं पाणी मागितलं. मालूनं दिलं. रागातही पाणी नाकारायचं नसतं.

झोडणीच्या दिवशी उन्हं वर यायच्या आत खळ्याच्या कडेला कोणीतरी उभं होतं. शेणानं सारवलेल्या खळ्याबाहेर धाकलूच्या चपलांशेजारी भाविकनं आपले बूट काढून ठेवले होते. बरोबर कॅम्पावरचे दोन गडी होते. कुणाली नव्हती. पाहुण्यांना तीच एकटी सांभाळत होती म्हणे.

मालूनं "ये" म्हटलं नाही. हातानं कोपरा दाखवला. तिथे खालच्या खाचरातले भिजलेले भारे होते. जड आणि कुबट वासाचे, झोडूनही निम्मे दाणे पेंढ्यालाच चिकटून राहणारे. भाविकनं पेंढी उचलली आणि फळीवर आपटली.

"कणसं पुढं कर रे!" हिरी हसून ओरडली. "पेंढ्याला कशाला मारतोस, त्यानं काय केलंय तुझं?"

लखमा, धाकलू सगळे हसले. मालू हसली नाही. दुपारपर्यंत भाविकच्या तळव्यांना फोड आले, मानेवर भाताची कुसळं जाऊन चटके बसत होते, तरी तो उठला नाही. जेवायला सगळ्यांबरोबर त्यालाही नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली गेली. हिरीनं विचारलं, "फोटो काढू का रे तुझा?" आणि तो मान खाली घालून म्हणाला, "नको मावशी."

निघताना त्यानं भीत भीत विचारलं, "काकी, फिटली का?"

"फिटायला ते काय कर्ज हाय?" मालू खेकसली. "आज तू आलास. बास. आवणीला परत यायचं हाय. आणि ये, तेव्हा येणारी माणसं आण, बघणारी नको."

दुसऱ्या दिवशी वळणावर टिलरचा आवाज आला. मालूनं खीळ बसवली, शेंगा एकेक करून चढवल्या, दोर आवळले. भाविकला तिनं चाकाला लावायचा दगड हातात देऊन उताराला पुढे चालायला लावलं. मग शर्टाच्या खिशातून तिनं कोंब फुटलेल्या लोंब्यांची एक जुडी काढली, सुतळीनं ट्रेलरच्या पुढच्या दांडीला बांधली, भाविकला दिसेल अशी.

"ही सोडायची नाय," ती म्हणाली. "आपोआप गळंल तेव्हा गळंल."

आणि टिलरच्या आवाजावर आवाज चढवून, गादी आणि बाटलीतल्या पाण्याबद्दल बोलत, ती उतार उतरायला लागली.